मदत हवी आहे: बाबांचं डायलिसिस सुरू झालंय, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) २.८, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) ४२. किती घाबरायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे, अजनी भागात राहतो. बाबा ६७ वर्षांचे, वीसेक वर्षांपासून शुगर. पाच आठवड्यांपूर्वी दम लागला, पाय सुजले आणि मानेत कॅथेटर (नळी) टाकून तातडीने डायलिसिस सुरू करावं लागलं. आठवड्यातून तीनदा होतं. डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी शीर आणि धमनी जोडतात तो) केलाय, तो अजून वापरण्याजोगा झालेला नाही.

सोमवारी डायलिसिसआधी काढलेलं रक्त: हिमोग्लोबिन ८.६, अल्ब्युमिन २.८, सीआरपी ४२, फेरिटिन (लोहाचा साठा) ६४०, क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ, किडनी बिघडली की वाढतो) ४.६. सुरुवातीला क्रिएटिनिन ८.९ होतं. ते उतरलं म्हणून आत्या पेढे घेऊन आली (बाबांना शुगर, आम्हीच खाल्ले). मग रात्री मी वाचत बसलो आणि झोपच उडाली. डायलिसिसवाल्यांमध्ये अल्ब्युमिन कमी आणि सीआरपी जास्त असेल तर मृत्यूचं प्रमाण जास्त, पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक. वर हेही, की डायलिसिसवर असताना क्रिएटिनिन फार कमी असणं चांगलंच असं नाही, स्नायू झिजलेत असाही अर्थ असू शकतो! बाबांचं वजन ५८ वर आलंय, दंड पार लोंबतात.

सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) न्यूट्रोफिल ७८, लिम्फोसाइट १२, या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशी. भागाकार साडेसहा. हाही वाईट म्हणे.

डॉक्टरांना विचारलं तर "ठीक आहे, चालू द्या" म्हणाले. बाहेर चाळीस पेशंट, त्यांचंही खरं आहे. पण मी काय समजायचं? बाबांकडे किती वेळ आहे?

प्रतिसाद १ (डायलिसिस टेक्निशियन, चौदा वर्षं)
भाऊ, ते आकडे हजारो पेशंटच्या गटाचे आहेत, तुमच्या बाबांची तारीख त्यातून निघत नाही. मात्र कारण शोधायला ते कामाचे आहेत. सीआरपी ४२ म्हणजे शरीरात कुठेतरी सूज (पायावरची नव्हे, आतला दाह) किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. कॅथेटरच्या जागी लाली, पू आहे का? डायलिसिस चालू असताना थंडी वाजते का? वाजत असेल तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी सांगा, रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू आहेत का ती तपासणी) लागतं. पायाच्या बोटांमधल्या जखमा आणि दातही बघा, शुगरवाल्यांचं तिथेच लपलेलं असतं.

सूज असली की अल्ब्युमिन आपोआप खाली येतं आणि फेरिटिन फुगतं. म्हणून फेरिटिन ६४० बघून लोह भरपूर आहे असं धरू नका, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (वापरायला लोह किती मिळतंय ते) विचारा. हिमोग्लोबिन वाढवायचं इंजेक्शनही अशा वेळी नीट लागू पडत नाही. सीआरपी दोन-चार दिवसांत उतरू शकतो, अल्ब्युमिनला आठवडे लागतात. आठवड्याला तपासून पैसे घालवू नका.

प्रतिसाद २ (बायको सहा वर्षांपासून डायलिसिसवर)
एकच विचारतो: बाबा खातात काय?

मूळ लेखक
पातळ वरण, भात, दुधीची भाजी. अंडी, डाळ कमी, तक्ता आहे ना फ्रिजवर.

प्रतिसाद २
तो तक्ता कधीचा?

मूळ लेखक
...मागच्या वर्षीचा. डायलिसिसच्या आधीचा.

प्रतिसाद २
बस, काढा तो आधी! डायलिसिसपूर्वी प्रोटीन कमी करतात, सुरू झाल्यावर उलट वाढवावं लागतं. साधारण किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे बाबांना रोज ५८ ते ७० ग्रॅम. आमच्याकडे अंड्याच्या पांढऱ्या भागाने मोठा आधार दिला, एकात साडेतीन ग्रॅम. पण मनाने सुरू करू नका, पोटॅशियम-फॉस्फरस बघून आहारतज्ज्ञाकडून नवा तक्ता घ्या. संत्र्यांच्या दिवसात पाहुणे टोपली घेऊन येतात, तेव्हा त्यातलं पोटॅशियम आठवा. आणि डायलिसिस पुरेसं होतंय का, म्हणजे केटी बाय व्ही किती, तेही विचारा. आठवड्यातून तीनदा असेल तर १.२ च्या खाली नको.

मूळ लेखक
तक्ता काढला. आई म्हणते, वर्षभर मी उपाशी ठेवलं का यांना? तिला सांगितलं, तेव्हा ते बरोबरच होतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, शनिवारी दुपारी हुडहुडी भरली होती, पण एसीची असेल म्हणून बोललो नाही. निघतोय आत्ताच.