एकाच वर्गात वाचनाच्या तीन पातळ्या : उपक्रम इयत्तेनुसार निवडावेत की पातळीनुसार?

शिक्षिका, सत्तरी

नमस्कार. गोव्यातील सत्तरी तालुक्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी तिसरी आणि चौथी हे वर्ग एकत्र शिकवते. बहुतेक मुलांच्या घरी कोकणी बोलली जाते, काहींच्या घरी कन्नड किंवा हिंदी. चौथीतली काही मुले अनोळखी गोष्ट सहज वाचतात, काही परिच्छेदावर अडखळतात, तर काहींना काना-मात्रेचे शब्दही अजून जड जातात. पाठ्यपुस्तकातला पाठ घेतला की हा शेवटचा गट गप्प बसतो. सोपी शब्दपट्टी हातात दिली की ‘ही पहिलीची आहे’ म्हणून तीच मुले ती बाजूला सारतात. अशा वेळी भाषेचे उपक्रम नेमके कशाच्या आधारे ठरवावेत?

निवृत्त मुख्याध्यापक, फोंडा

बाई, माझ्या मते विषय इयत्तेनुसार असावा आणि मजकूर पातळीनुसार. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला वाचता येत नसले तरी त्याची समज नऊ-दहा वर्षांचीच असते, म्हणून बाहुलीची चित्रे असलेली पट्टी त्याला अपमानास्पद वाटते.

चतुर्थीच्या दिवसांत माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळे-फुले बांधून केलेली सजावट, हा विषय घ्या. काना-मात्रेवर अडणाऱ्या पहिल्या गटाला नारळ, केळी, सुपारी, आंबाडे, निरफणस अशी नावे वाचून चित्रांना चिठ्ठ्या लावू द्या. या नावांत काना, मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार येतात, पण जोडाक्षर एकही नाही. परिच्छेदावर अडखळणाऱ्या दुसऱ्या गटाला यांतले कुठले फळ रानात मिळते आणि कुठले परसात, यावर पाच-सहा वाक्यांचा परिच्छेद द्या आणि वाचून वर्गीकरण करायला सांगा. गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून माटोळी बांधण्याची पद्धत क्रमाने लिहावी. शेवटी तिन्ही गटांचे काम एकाच भिंतीवर लागते, त्यामुळे पहिलीची पट्टी कोणाच्याच वाट्याला येत नाही.

त्याआधी प्रत्येक मुलाला जवळ बसवून स्वतंत्रपणे वाचायला लावावे. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीतली वाचनचाचणी अक्षर, शब्द, पहिलीच्या स्तराचा परिच्छेद आणि दुसरीच्या स्तराची गोष्ट अशा पायऱ्यांची आहे, तिला फार वेळ लागत नाही. मात्र वाचून झाल्यावर अर्थाचे एक-दोन प्रश्न अवश्य विचारावेत, कारण घडाघडा वाचूनही आशय न कळलेली मुले त्या चाचणीतून सहज निसटतात.

शिक्षिका, पेडणे

सरांशी सहमत आहे, परंतु ‘शब्द पातळी’ एवढे निदान देवनागरीसाठी पुरत नाही. सुटी अक्षरे ओळखणारे मूल वेलांटी-उकारावर अडले आहे, की जोडाक्षरावर, की ‘सूर्य’मधल्या रफारावर, हे पाहिल्याशिवाय उपक्रम ठरवू नये. पहिल्या अडचणीसाठी एकाच व्यंजनाला चिन्हे बदलून शब्द तयार करण्याचा खेळ चालतो, तर जोडाक्षरासाठी अक्षर फोडून पुन्हा जोडण्याचा सराव लागतो. शिवाय मुलाने मराठी क्रियापदाच्या जागी घरचे कोकणी रूप वाचले, तर त्याला अर्थ कळला आहे असे समजावे. ती चूक लिपीची नव्हे, आणि त्यासाठी त्याला खालच्या गटात टाकणे अन्यायाचे ठरेल.

पायाभूत वाचन आणि गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 आणि तिसरीच्या अखेरीस किमान 60 शब्द, तेही समजून वाचण्याचे लक्ष्य आहे. परिच्छेद वाचणाऱ्या गटासाठी ते उपयोगी पडते. मात्राच न कळणाऱ्या मुलापुढे घड्याळ ठेवले, तर ते अंदाजाने शब्द ठोकू लागते.

साधनव्यक्ती, केपे

गट पाडताना एक भीती कायम मनात ठेवावी. काही आठवड्यांत पुन्हा चाचणी झाली नाही, तर गट हीच मुलाची ओळख होऊन बसते. म्हणून पातळीनुसार बसणे दिवसातल्या एका तासिकेपुरते ठेवावे आणि इतर वेळी वर्ग एकत्र असावा. इयत्तेचा पाठ शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवला, तर मागे राहिलेली मुलेही त्यावर उत्तम बोलतात. ऐकून समजण्याची त्यांची क्षमता वाचनापेक्षा पुढे असते आणि शब्दसंपत्ती वाढण्याचा हाच मार्ग त्यांना खुला असतो.

पुस्तकांसाठी ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ पाहावे. तिथे मराठी आणि कोकणी गोष्टी चार स्तरांत विनामूल्य मिळतात. तो स्तर भाषेच्या काठिण्याचा असतो, वयाचा नव्हे, तेव्हा पहिल्या स्तरातून निवडताना चौथीच्या मुलाला रुचेल असाच विषय घ्यावा.

शिक्षिका, सत्तरी

सर्वांचे मनापासून आभार. मी एका गटाशी वाचत असताना उरलेले दोन गट एकटे कसे ठेवावेत, एवढेच विचारते.

शिक्षिका, पेडणे

त्यांना नवे काम देऊ नका. परिच्छेद वाचणाऱ्यांना आदल्या दिवशी तुमच्याबरोबर वाचलेलाच मजकूर जोडीने वाचू द्या; गोष्ट वाचणाऱ्यांना लेखन द्या, कारण ते सर्वांत जास्त वेळ तुमच्याविना चालते. तुमचा स्वतःचा वेळ मात्र रोज आधी मात्रांवर अडलेल्या मुलांना द्या.