नाशिकच्या वायनऱ्या एका दिवसात: किती, कुठल्या आणि गाडी कुणी चालवायची?

सहाजण_ठाणे

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ठाण्याहून नाशिकला वायनऱ्या बघायला जायचंय. सहा जण, एक एर्टिगा, पहाटे निघून रात्री घरी, मुक्काम नाही. यादी अशी झालीय: सुला, यॉर्क, सोमा, दिंडोरीची शँडॉन, आणि इगतपुरीकडच्या ग्रोव्हर झांपा व व्हॅलोने. सहाही होतील का? नसतील तर कुठल्या गाळाव्यात? दोघं अजिबात घेत नाहीत, त्यांना कंटाळा यायला नको. आणि सध्याचा वादाचा मुद्दा: एक जण म्हणतोय, "ड्रायव्हर कशाला? टेस्टिंगमध्ये नुसते घोट असतात, मीच चालवतो." त्याला काय सांगू?

बारदान_फाटा

सहा विसरा. तीन करा, आणि तिन्ही एकाच बाजूच्या.

नाशिकच्या वायनऱ्या एका रस्त्यावर ओळीने नाहीत, वेगवेगळ्या दिशांना आहेत. सुला, यॉर्क, सोमा गंगापूर धरणाच्या बाजूला, एकमेकींपासून जवळ. दिंडोरी शहराच्या उत्तरेला, वणी-सापुताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. इगतपुरी तालुक्यातल्या दोन्ही नाशिकच्या अलीकडेच, घोटीहून आत संजेगाव-कावनईच्या अंगाला. नकाशावर सगळं जवळ दिसतं म्हणून लोक तिन्ही बाजू एका दिवसात कोंबतात आणि दिवस गाडीत घालवतात. एका ठिकाणी टूर पाऊण तास, टेस्टिंग जवळपास तेवढंच, शिवाय वाट बघणं, बिल, फोटो आणि सहा माणसं पुन्हा गोळा करणं. दीड तास धराच.

ठाण्याहून सहाला निघा. भिवंडीजवळ आमण्याला समृद्धीवर चढलात की थेट इगतपुरी. हा ७६ किमीचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, त्यामुळे कसारा घाट टळतो. टोल आहे, पण शनिवारी सकाळी घाटात ट्रकच्या मागे रांगण्यापेक्षा परवडला. इगतपुरीला उतरून नेहमीचा मुंबई-आग्रा हायवे. नाशकात शिरताना मुंबई नाका आणि द्वारका या भानगडीत पडू नका. गरवारे पॉइंटला डावीकडे अंबड लिंक रोड धरा, पपया नर्सरीपाशी त्र्यंबक रस्ता ओलांडा, पुढे बारदान फाटा आणि गंगापूर. शहराच्या मधे जावंच लागत नाही.

क्रम: आधी सुला, दार उघडल्या उघडल्या. दुपारी एकनंतर शनिवारी तिथे जत्रा असते, टूरला नंबर लागेपर्यंत अर्धी मंडळी वैतागतात. मग सोमा, तिथेच जेवण. शेवटी यॉर्क, कारण तिथून धरणाचं पाणी पश्चिमेला दिसतं आणि फेब्रुवारीच्या मध्यात सूर्य साडेसहाच्या आसपास बुडतो. साडेपाचला पोचलात तर कडेचं टेबल मिळतं, सहाला पोचलात तर उभे राहता.

गर्दी नकोच असेल तर नाशिकला जाऊच नका, इगतपुरीच्या दोनच करा. परतीचा एक तास वाचतो आणि माहिती सांगणाऱ्याला प्रश्न विचारता येतात. मात्र तिथे आणि शँडॉनला आधी फोन करून वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नये, फाटकावरून परत यावं लागतं.

तारीख ठरवताना दोन गोष्टी तपासा. सुलाफेस्टचा, म्हणजे सुलाच्या संगीत महोत्सवाचा, शनिवार-रविवार नको, तिकीट काढून त्यासाठीच जाणार असाल तर गोष्ट वेगळी. आणि त्या भागात निवडणूक असेल तर मतदान संपायच्या आधीचे ४८ तास विक्री बंद असते. टूर होते, ग्लास मिळत नाही.

मिलिग्रॅम

चालवणाऱ्या मित्राला हा हिशेब दाखवा.

टेस्टिंगचा एक घोट साधारण ३० मिली. पाच वाइन म्हणजे १५० मिली. १३ टक्के धरले तर त्यात साडेएकोणीस मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात सुमारे १५ ग्रॅम. ६० किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते उतरलं की १०० मिली रक्तामागे अंदाजे ३८ मिलिग्रॅम होतात. ५५ किलोच्या बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून तिच्याकडे तेच ५० च्या घरात जातं. कायद्याची मर्यादा ३०. म्हणजे पहिल्याच वायनरीत, 'नुसते घोट' घेऊन, माणूस मर्यादेच्या बाहेर.

यकृत तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपासच उरकतं. चहा, लिंबूपाणी, तोंडावर पाणी मारणं, कशानेही तो वेग वाढत नाही. तीन ठिकाणचं मिळून ४५० मिली होतं, म्हणजे बाटलीचे तीन-पंचमांश. यॉर्कमधून निघतानाही आकडा मर्यादेच्या वर असू शकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्या वेळी १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि हे झालं पोलिसांचं. अंधारात दीडशेहून जास्त किलोमीटर आहेत, ते वेगळंच.

दोघं घेत नाहीत म्हणता, त्यांच्यापैकी कुणी चालवतं का? नसेल तर दिवसभरासाठी ड्रायव्हर घ्या. रेल्वेने यायचं तर सकाळच्या तपोवन एक्सप्रेसने नाशिकरोड गाठून तिथून दिवसभराची गाडी ठरवा. पण जायचं-यायचं दोन्ही भाडं आधी बोला. संध्याकाळी धरणाच्या बाजूला ॲपवर गाडी मिळेल या भरवशावर राहू नका, ड्रायव्हर रिकामा परत यायला तयार नसतो.

गोडीबार

न पिणाऱ्यांना कंटाळा यायचं कारण नाही, महिना बरोबर निवडलाय. आपल्याकडे वेलीच्या दोन छाटण्या होतात: एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि माल एकदाच घेतला जातो. वाइनची तोडणी जानेवारी ते मार्च. पांढऱ्यातल्या सोविन्यों ब्लाँ, शेनिन ब्लाँ आधी निघतात. शिराझ, कॅबर्ने मागून. म्हणजे फेब्रुवारीत वेलीवर काळे घड असतात आणि आत क्रशर चालू असतो. एप्रिलनंतर गेलात तर नुसत्या काड्या, जुलैत हिरवंगार पण द्राक्ष एकही नाही. 'पावसाळ्यात वाइन टूर' ही डोंगर बघायची सहल आहे, द्राक्षांची नव्हे.

येताना रस्त्यातच ओळखायला शिका. खायच्या द्राक्षांची बाग वाय आकाराच्या अँगलवर किंवा मांडवावर असते, घड डोक्याच्या उंचीला लटकतात. वाइनची बाग उभ्या तारांवर, कुंपणासारखी; फांद्या सरळ वर आणि घड गुडघा ते कमरेच्या मधे एका ओळीत. खायच्या मालाला विरळणी करून आणि घड जिब्रेलिक या वाढीच्या संजीवकात बुडवून मणी फुगवतात. वाइनच्या मण्याला हे करत नाहीत. मणी वाटाण्याएवढाच, साल जाड, आत बिया, आणि गोडी २२-२४ ब्रिक्सपर्यंत (रसातल्या साखरेचं माप). मणी मोठा झाला की रसाच्या मानाने साल कमी पडते, आणि रंग-चव सालीतच असते.

सांगणाऱ्याकडून शिराझचा एक मणी मागून घ्या आणि बोटांनी दाबा. रस जवळपास पाण्यासारखा निघतो. जांभळं होतं ते बोट, सालीमुळे. रेड वाइन सालीसकट का आंबवतात आणि गुलाबी रोझेत साल थोडा वेळच का ठेवतात, ते तिथल्या तिथे कळतं.

स्वतः मात्र तोडू नका. फवारणी झाल्यावर ठरावीक दिवस माल तोडायचा नसतो आणि शेवटची फवारणी कधीची ते वेलीवर लिहिलेलं नसतं.

द्राक्षं तुडवायचा कार्यक्रम असेल तर तो खेळ आहे, कारखान्यात काम यंत्रच करतं. हाफ पँट, जुना टी-शर्ट, पाय पुसायला पंचा आणि बदलायचे कपडे न्या. साखर वाळली की पाय चिकटतात आणि मधमाश्या येतात. रंगाचा डाग सुती कपड्यातून जात नाही.

सहाजण_ठाणे

न पिणाऱ्यांपैकी एकीला गाडी येते, पण रात्री हायवेवर नको म्हणते. तेव्हा ड्रायव्हर घेतोय, वाद संपला. आता दोन प्रश्न: सकाळी आधी मिसळ खाऊन घ्यावी का? आणि सुरतेचा एक मित्र थेट नाशिकला येणार आहे, त्याला तीन-चार बाटल्या भेट द्यायच्या आहेत, काही अडचण?

चोथा_आणि_गाळ

मिसळ नाशिकची खाल्लीच पाहिजे, पण त्या दिवशी सकाळी नको. झणझणीत रश्श्याने तोंड पोळलेलं असलं की अल्कोहोल आणखी जळजळतं आणि पहिल्या दोन पांढऱ्या वाइनचा वासच लागत नाही. रिकाम्या पोटी तर अजिबात जाऊ नका. ऑम्लेट-पाव, उपमा, थालीपीठ-लोणी, असं काहीतरी दमदार आणि कमी तिखट. मधे कोरडा पाव किंवा साधी बिस्किटं, आणि वाइन जितकी तितकंच पाणी. लोक पाणी विसरतात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात, दोष वाइनला.

अत्तर, परफ्यूम नको. तुमचं तर तुमचं, शेजारच्याचंही नाक जातं. सुपारी, पुदिन्याच्या गोळ्या, च्युइंगम टेस्टिंगच्या निदान अर्धा तास आधी बंद.

क्रम फेसाळ, पांढरी, रोझे, रेड आणि शेवटी गोड लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची. उलट केलंत तर शिराझच्या टॅनिननंतर, म्हणजे सालीच्या तुरटपणानंतर, शेनिन पाण्यासारखी लागते. ग्लास दांडीला धरा, हाताच्या उबेने पांढरी मिनिटाभरात कोमट होते. टेबलावर मोकळं भांडं दिसतं ते थुंकायला आणि उरलेली ओतायला असतं. त्यात ओतायला कुणी लाजू नये. धंद्यातली माणसं दिवसाला पन्नास वाइन चाखतात ती याच भांड्याच्या जोरावर. एखाद्या ग्लासला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर निमूट पिऊ नका, दाखवा. तो बुचाचा दोष असतो, दुसरी बाटली उघडून देतात.

टूरमध्ये बघण्यासारखं: स्टीलच्या टाकीला बाहेरून घाम आलेला असेल तर आत पांढरी आंबतेय, तिला १२ ते १६ अंशांवर गार ठेवतात, नाहीतर फळाचा वास उडून जातो. रेडची टाकी पंचविशीच्या आसपास असते, वर सालींचा जाड थर तरंगतो आणि तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबतात किंवा खालचा रस पंपाने वर सोडतात. थर कोरडा पडला की व्हिनेगरकडे जायला वेळ लागत नाही. टाकीच्या तोंडाशी वाकून वास घ्यायचा मोह आवरा. आत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, खोल श्वास घेतलात तर भोवळ येते.

खरेदी शेवटच्या ठिकाणी. लेबलवरचं वर्ष बघा. फेब्रुवारीत ताजी पांढरी म्हणजे गेल्या हंगामाची, कारण या वर्षीची अजून टाकीत आहे. साधी शेनिन किंवा रोझे तीन-चार वर्षांची सवलतीत मिळत असेल तर राहू दे. ओक पिंपातली रेड असेल तर जुनी चालते.

घरून थर्माकोलची खोकी आणि जेलच्या गार पिशव्या आणा. बाटली गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवू नका. दुपारी बंद गाडीत पन्नास अंश सहज होतात, वाइन शिजते आणि बूच वर सरकतं. फेसाळ वाइनला जास्त जपा. तिचं दुसरं आंबवण बाटलीतच होतं आणि दाब सहा बारपर्यंत जातो. तुमच्या टायरमध्ये ३२-३३ पीएसआय हवा असते, या बाटलीत ८५ च्या पुढे. तापलेली, हिंदकळलेली बाटली घरी गेल्या गेल्या उघडू नका. रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवा, तार सोडताना अंगठा बुचावरून काढू नका आणि बूच नाही, बाटली फिरवा.

मिलिग्रॅम

सुरतवाल्याला बाटल्या देऊ नका. गुजरातेत दारूबंदी आहे, वाइनही तिच्यात येते, आणि महाराष्ट्रातलं बिल तिथे कामाला येत नाही. पेठवरून जा की सापुताऱ्यावरून, दोन्ही रस्त्यांवर हद्दीला तपासणी असते. गाडीही जप्त होऊ शकते. त्याला मनुके द्या, पिंपळगावचे चांगले मिळतात. त्याच्या नावाच्या बाटल्या ठाण्याला आणा, तो मुंबईला आला की उघडा. तुमच्या स्वतःच्या बाटल्यांचं बिलही घरी पोचेपर्यंत फाडू नका.

बारदान_फाटा

आणि मिसळ पूर्ण रद्द करू नका. गंगापूर-सातपूर लिंक रोडवर चुलीवरची मिळते, पण दुपारी उशिरा गेलात तर रस्सा संपलेला असतो. ज्या दोघांना प्यायचं नाही त्यांना ड्रायव्हरबरोबर सोमाच्या वेळेत तिकडे पाठवा, बारदान फाट्यापासून लांब नाही. येताना बाकीच्यांना पार्सल, रस्सा वेगळा बांधून.