अनुभव धागा: जुन्या काळाच्या वेषात, मुंबईच्या उघड्यावर काढलेले फोटो

आमच्या घरी आजीचा एक फोटो आहे. 1958 साली गिरगावातल्या स्टुडिओत काढलेला. गोल पातळ, पोलक्याच्या बाह्यांना फुगा, एक हात तिवईवर आणि मागे रंगवलेला पडदा. लेकीला यंदा वाढदिवसाला तसाच फोटो हवा होता, पण पडद्यासमोर नाही, बाहेर, उजेडात. तयारीत तीन आठवडे गेले.

पहिली गोष्ट कळली ती ही, की साल ठरवायला हवं. नुसतं ‘जुना काळ’ म्हटलं की नऊवारी, ग्रामोफोन आणि काळी-पिवळी सगळं एकाच फोटोत येऊन बसतं. आजी ट्रामने फिरायची. ट्राम 31 मार्च 1964 ला बंद झाली. प्रीमियर पद्मिनी हे मोटारीचं नाव मात्र सत्तरच्या दशकातलं. आम्ही भाड्याने ठरवलेली पद्मिनी रद्द केली आणि आजीचा फोटो समोर ठेवून पुन्हा सुरुवात केली.

तुम्ही असं काही केलं असेल तर जागा, वेळ, कपडे, फसलेलं, जमलेलं, सगळं लिहा.

दादरहून, हौशी फोटोग्राफर

जागा निवडताना ती कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे आधी बघा. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला तीस-चाळीसच्या दशकातल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती आहेत, त्यांच्यावर सकाळचं ऊन येतं; समोरच्या बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर उजळतात ते संध्याकाळी. त्यामुळे तीस-चाळीसच्या दशकाचा वेष असेल तर मी सकाळी बोलावतो आणि त्याआधीच्या काळाचा असेल तर चारनंतर. टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक लायब्ररीच्या, पायऱ्या पश्चिमेकडे उतरतात. सकाळी ऊन इमारतीच्या मागे असतं, पायऱ्यांवर एकसारखी सावली मिळते, डोळे बारीक होत नाहीत. इमारत 1833 ची आहे, त्यामुळे मागे काही लपवायला लागत नाही. खाली रस्त्यावरच्या गाड्या तेवढ्या चौकटीबाहेर ठेवायच्या.

जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. सातला माणूस तयार उभा हवा, म्हणजे साडेचारला उठणं आलं. हे आधी स्पष्ट सांगा, मग रुसवेफुगवे होत नाहीत.

मी यशिका मॅट हा जुना फिल्म कॅमेरा वापरतो. 120 च्या रोलवर बाराच फोटो येतात आणि खाली मान घालून बघायच्या काचेवर उजवं-डावं उलटं दिसतं. बारा म्हटल्यावर दोन्ही बाजू सावकाश होतात. समोरचा माणूस मोबाइलसमोर करतो तसे चेहरे करणं चौथ्या फोटोपर्यंत सोडून देतो, आणि मला हवा तो फोटो त्यानंतरचाच असतो. फिल्म परवडत नसेल तर डिजिटलवरही बाराच काढायचे असं ठरवून बघा, मनापासून सांगतो. ट्रायपॉड नेत नाही. तो रस्त्यावर उघडला की परवानगीची विचारणा होते. सीएसएमटीच्या आत तर रेल्वेची परवानगी काढल्याशिवाय असलं शूट करायला जाऊच नका.

ठाण्याहून, मेकअप आणि केशरचना करते

एका मुलीचा अंबाडा, गजरा, ठुशी, सगळं सुरेख जमलं होतं. पहिला फोटो मोठा करून बघितला तर डाव्या मनगटावर स्मार्टवॉचचा गोरा पट्टा! बांगड्या वर सरकवून कसाबसा झाकला. तेव्हापासून आठवडाभर आधी घड्याळ काढायला सांगते. जेल नेलपॉलिशही.

शिवलेली नऊवारी नको. निऱ्या इस्त्री केल्यासारख्या एका रेषेत पडतात आणि काष्ट्याला ओढ येत नाही. नेसता येत नसेल तर घरातल्या काकू-मावशीला बोलवा, त्यांना आनंदच होतो. आणि मोगऱ्याचा हट्ट डिसेंबरमध्ये धरू नका. दादरच्या फुलबाजारात तेव्हा शेवंती छान मिळते, जुन्या बायका शेवंतीची वेणी माळायच्याच.

खोताच्या वाडीतून

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. आमचं घर लाकडी व्हरांड्याचं, म्हणून लोक येतात. गेल्या वर्षी सासूबाई आजारी होत्या. सकाळी दार उघडलं तर आमच्या जिन्यावर कोणीतरी चंदेरी रिफ्लेक्टर धरून उभा, आणि नवरी आमच्या कठड्याला रेलून. कोणी विचारलं नव्हतं. मला त्याचं फार वाईट वाटलं. ही घरं आहेत, त्यात माणसं झोपलेली असतात. आदल्या दिवशी येऊन विचारलंत तर मी आमची वेताची खुर्चीसुद्धा देईन, दिलीही आहे.

माटुंग्याहून

चोर बाजारात सामान बघायला जाणार असाल तर शुक्रवार टाळा, मटण स्ट्रीटची दुकानं बंद असतात. पण त्याआधी स्वतःच्या माळ्यावर चढा. आम्हाला आजोबांची पत्र्याची ट्रंक तिथेच मिळाली, झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि मुक्काम पोस्ट रंगवलेली. विकत घेतलेल्या कुठल्याच वस्तूने तो फोटो झाला नसता.

विलेपार्ल्याहून

पद्मिनी आमच्याकडे मात्र चालली. आईबाबांचं लग्न 1974 चं. पन्नास वर्षं झाली म्हणून आम्ही दोघा भावंडांनी हा बेत केला. टॅक्सी मिळणं शक्य नव्हतं, शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत 2023 च्या ऑक्टोबरअखेर संपली. शेजारच्या काकांनी त्यांची खासगी गाडी जपून ठेवली आहे, ती त्यांनी स्वतः चालवत आणली. रविवारी सकाळी बॅलार्ड इस्टेट रिकामं असतं. एका इमारतीच्या रखवालदाराने दारासमोरून हटवलं, मग आम्ही कोपऱ्यावरच्या झाडाखाली गेलो.

आईने लग्नातला शालू नेसायला नकार दिला, घडीवर विरलाय म्हणाली. तिने तेव्हाची रोजची फुलाफुलांची साडी काढली. बाबांचा कोट पोटावर बसेना, तो हातावर घेतला. तासभर दोघं अवघडून उभे होते, एकही फोटो धड येत नव्हता. शेवटी फोटोग्राफर म्हणाला, काका, नुसते गाडीत बसा.

बाबा बसले आणि त्यांचा डावा हात न बघता स्टिअरिंगच्या दांडीवरच्या गिअरकडे गेला. आईने शेजारी बसून पदर आवरला आणि काच खाली करायला लागली. आम्ही कोणीच काही बोललो नाही. तोच फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावलाय.