मदत हवी आहे: ओपन किचन करू की नको?

भाऊ लोकं, भुसावळजवळच्या गावातलं आजोबांचं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर रिपेअरला काढलंय, आणि बायकोने फिक्सर अप्पर या जुनी घरं नवी करायच्या अमेरिकन टीव्ही शोचे सगळे सीझन बघून टाकलेत. प्रत्येक भागात तेच ना भो, पांढऱ्या फळ्यांची भिंत, सरकतं गोठ्यासारखं दार, मधली भिंत पाडून ओपन किचन. अहो तो शो टेक्सासमधल्या वेको शहरातला, आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, त्यात भरताची वांगी भाजायची, वर मिरच्यांची फोडणी, सगळा ठसका हॉलमध्ये येईल की! मातीच्या जाड भिंतींमुळे घर थंड राहतं, त्या पाडायला माझं तर मन होत नाही, बंगईपण (झोपाळा) ठेवायचीय. इकडे कुणी ओपन किचन केलंय का, चिमणी पुरते का खरंच? आणि पांढरा रंग या धुळीत किती टिकतो? लवकर सांगा, मिस्त्री सोमवारी येतोय.