शब्दचर्चा: ‘स्मूदिंग स्प्लाइन’ला मराठीत काय म्हणावं?

ऐरोलीहून
आमच्या गटाने खाडीत पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर लावलाय. भरती-ओहोटी छान दिसते, पण जवळून होडी गेली की आकडे वरखाली होतात. पायथन या संगणकीय भाषेत स्प्लाइन, म्हणजे छोटे तुकडे जोडून केलेला सलग वक्र, वापरून भरती-ओहोटीचा वक्र काढतो आहोत आणि अहवाल मराठीत द्यायचा आहे. सध्या ‘बिंदू जोडणारी गुळगुळीत रेषा’ असं लिहिलंय. चालेल? आणि ‘नॉट’ला, म्हणजे हे तुकडे जिथे भेटतात त्या जागेला, ‘गाठ’ म्हणावं का?

कळव्याहून
‘स्प्लाइन’ तसाच ठेवा, सॉफ्टवेअरमध्ये लोक तोच शब्द शोधणार. ‘नॉइज’ला, म्हणजे नोंदींतल्या नको त्या चढउतारांना, मात्र ‘गोंगाट’ नको, पाण्याच्या पातळीत कसला गोंगाट? ‘आकड्यांची थरथर’ म्हणा.

नौपाड्याहून
‘थरथर’ एकदम पटलं. ‘स्प्लाइन’ही राहू द्या. तो जहाजबांधणीतून आलेला शब्द आहे. आराखडा काढताना लाकडाची बारीक, लवचीक पट्टी शिशाच्या वजनांनी ठिकठिकाणी दाबून धरत आणि तिच्या कडेने रेघ ओढत. त्या वजनांना इंग्रज कारागीर ‘बदक’ म्हणत! दाबलेल्या जागांमध्ये पट्टी कमीत कमी वाकेल असाच आकार घेते. गणितात हे नाव आयझॅक शेनबर्ग यांनी १९४६ मध्ये आणलं.

पण ‘बिंदू जोडणारी’ हे काढाच. जोडणं वेगळं आणि बसवणं वेगळं, आणि तुमच्या कामाचं सगळं मर्म त्या फरकात आहे. जोडायचं म्हटलं की रेषा प्रत्येक नोंदीतून गेलीच पाहिजे, मग होडीची लाटसुद्धा खाडीची पातळी ठरते. बसवताना वक्राला नोंदींपासून थोडं दूर राहायची मुभा असते, आणि ती किती हे आपण सांगायचं. सायपाय या पायथनच्या गणिती संचातल्या ‘युनिव्हेरिएट स्प्लाइन’मध्ये ती ‘एस’ या आकड्याने सांगतात. प्रत्येक नोंद आणि वक्र यांतल्या फरकाचा वर्ग करायचा, सगळ्यांची बेरीज घ्यायची, आणि ती एसच्या वर जाऊ द्यायची नाही. एस शून्य ठेवलात तर जोडणं, वाढवलात तर बसवणं.

एस दिलाच नाही तर सॉफ्टवेअर तो नोंदींच्या संख्येइतका धरतं, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. पातळी मीटरमध्ये असेल तर याचा अर्थ दर नोंदीमागे साधारण एक मीटर चूक चालेल; त्यात भरतीचा माथा पार सपाट होतो. त्याच नोंदी सेंटिमीटरमध्ये दिल्या तर मुभा एका सेंटिमीटरची, आणि वक्र प्रत्येक लाटेमागे धावतो. पाणी तेच, फक्त एकक बदललं. म्हणून नोंदींना वजन द्या: थरथरीचं प्रमाण विचलन काढा आणि एकाला त्याने भागा, येईल ते प्रत्येक नोंदीचं वजन. मग नोंदींच्या संख्येच्या आसपासचा एस खरोखर अर्थपूर्ण होतो.

‘गुळगुळीत’बद्दलही थोडं. फरशी गुळगुळीत, गोटा गुळगुळीत. तो हाताला कळणारा गुण आहे. इथे वक्र किती झपाट्याने वळतो हे मोजलं जातं. मी ‘संथ वळणाचा वक्र’ लिहीन.

वाशीहून
छान उत्तर, त्याला जोड देतो. काटेकोरपणे ‘स्मूदिंग स्प्लाइन’ म्हणतात ते थोडं निराळं असतं. त्यात चुकांच्या वर्गांच्या बेरजेत वळणांचा दंड मिळवतात आणि दोन्हींची बेरीज कमीत कमी करतात. दंड किती जड ठेवायचा ते लॅम्डा ठरवतो. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं ‘स्मूद डॉट स्प्लाइन’ हेच करतं, आणि लॅम्डा आपण दिला नाही तर क्रेव्हन आणि वाहबा यांच्या १९७९ च्या क्रॉस व्हॅलिडेशनच्या (बाजूला ठेवलेल्या नोंदीचा अंदाज वक्र कितपत बरोबर देतो हे पाहणाऱ्या) रीतीने स्वतः निवडतं. सायपायमध्येही आता ‘मेक स्मूदिंग स्प्लाइन’ आहे. फक्त एक सांभाळा: होडीच्या लाटेत लागोपाठच्या नोंदी एकाच बाजूला सरकतात. ही रीत प्रत्येक चूक सुटी धरते, त्यामुळे लाटेलाच खरी हालचाल समजून वक्र फार वळवळता ठेवते. अशा वेळी लॅम्डा स्वतः वाढवून बघावा.

‘गाठ’ मला नको वाटते. गाठ म्हटलं की फुगवटा डोळ्यापुढे येतो. नॉट म्हणजे दोन त्रिघाती तुकडे भेटतात ती जागा, आणि तिथे उतार जुळतो, उताराच्या बदलाचा वेगही जुळतो, म्हणून डोळ्याला काहीच दिसत नाही. ‘सांधा’ म्हणा. चांगल्या सुताराचा सांधाही दिसत नाही.

आणि शेवटच्या नोंदीच्या पुढे वक्र ओढू नका. सायपायचा त्रिघाती तुकडा मोकळा सुटला की भलतीकडे जातो. उद्याची भरती कोष्टकातच बघा.

ऐरोलीहून
खूप आभार. मग असं लिहितो: ‘नोंदींतली थरथर बाजूला ठेवून त्यांवर संथ वळणाची स्प्लाइन बसवली, सांधे सॉफ्टवेअरने निवडले.’ लहान भरतीच्या दिवसांसाठी वेगळं काही करावं का?

दिवाळे कोळीवाड्यातून
‘लहान भरती’ कशाला? भांग म्हणा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या पुढेमागे भांग. आणि हो, वेगळं बघायला हवं. भांगात भरती-ओहोटीतलं अंतर कमी, म्हणून तेवढीच मुभा तिथे माथ्याचा मोठा वाटा खाते. उधाणाचा वक्र ठीक दिसला म्हणून भांगाचाही ठीक असेल असं धरू नका. दोन्ही आठवड्यांचे आलेख मूळ ठिपक्यांसकट शेजारी छापा.