आई-बाबांना डिपेंडंट दाखवावं का?

मंडळी, नमस्कार.

आई-बाबा 2025 मध्ये 2 जूनला आले आणि 28 नोव्हेंबरला पुण्याला परतले. 2024 मध्ये 90 दिवस इथे अमेरिकेत होते, त्याआधी आलेच नव्हते. तिकिटं, विमा, औषधं, सगळं आम्हीच बघतो. ऑफिसात कळलं की दोघांना आमच्या टॅक्स रिटर्नवर डिपेंडंट, म्हणजे आमच्यावर अवलंबून असलेले, दाखवलं तर माणशी 500 डॉलर क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढा कर कमी होतो. कुणी केलंय का?

– म., एडिसन

*

ताई,

जरा थांबा. इथे दर मार्चमध्ये कुणी ना कुणी हे करून बसतं आणि मग निस्तरताना जीव मेटाकुटीला येतो.

भारतात राहणारे आई-वडील डिपेंडंट होत नाहीत. व्हिजिटर व्हिसावर आलेले मात्र दिवसांच्या हिशेबाने करापुरते रेसिडेंट ठरू शकतात. चालू वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाचे एक-तृतीयांश, त्याआधीच्या वर्षाचे एक-षष्ठांश; बेरीज 183 भरली की झाले रेसिडेंट. तुमच्या आई-बाबांचे 2025 चे 180 आणि 2024 च्या 90 चे एक-तृतीयांश 30, म्हणजे 210. दोघेही त्यात आले.

पण मग त्यांचं भारतातलं उत्पन्नही अमेरिकेच्या हिशेबात येतं. 2025 साठी डिपेंडंटचं उत्पन्न 5,200 डॉलरच्या आत हवं. बाबांचं पेन्शन किती? शिवाय त्यांच्या वर्षभराच्या खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा तुमचा हवा, पुण्यातले महिने धरून. आईचं कदाचित जमेल. पण रेसिडेंट ठरल्यावर भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी 10,000 डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. जॉइंट एफडीत आईचं नाव दुसरं असलं तरी पूर्ण रक्कम तिच्याही नावे धरतात. आणि आयटीआयएन (करासाठीचा ओळख क्रमांक) काढायचा तर पासपोर्टची कटकट आहेच.

माझं ऐकाल तर दोघांचा वेगवेगळा फॉर्म 8840 भरा. घर, पेन्शन, गोतावळा सगळं भारतात आहे, म्हणून नॉन-रेसिडेंटच राहू द्या, असं त्यात सांगता येतं. मुदत 15 जून. यासाठी त्या वर्षातले दिवस 183 पेक्षा कमी लागतात. तिकीट तीन दिवस पुढे ढकललं असतं तर हा मार्ग बंद झाला असता.

– काका, पिस्कॅटवे

*

माझी आई ग्रीन कार्डावर, वर्षभर आमच्याकडेच असते, तिकडे उत्पन्न काही नाही. तिला दाखवतो, 500 मिळतात. पण आमची गोष्ट वेगळी आहे.

– श., प्रिन्स्टन

*

काका,

बाबांचं पेन्शन महिन्याला साठ हजार रुपये, म्हणजे ते बादच. आईच्या नावावर बाबांबरोबर चार एफडी आहेत, हे काल फोनवर विचारल्यावर कळलं. 500 डॉलरसाठी तिच्यामागे एफबार लावायचा नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. आय-94 (अमेरिकेत येण्या-जाण्याची सरकारी नोंद) च्या साइटवरून येण्या-जाण्याच्या तारखा काढून ठेवल्यात. 8840 वर सह्या लागतील, म्हणून छापील फॉर्म या आठवड्यात पुण्याला कुरियर करते. पाठवण्याआधी तुम्ही एकदा नजर टाकाल का? शनिवारी शाळेच्या वर्गानंतर घेऊन येते.

– म.