ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ‘ब्रोकन पॅकेजेस’

*सचिव, ए-१०२:* नमस्कार मंडळी. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसत नाहीये. उबंटू २२.०४ ही लिनक्स सिस्टिम आहे. शेवटी ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ येतं. मेंटेनन्सच्या पावत्या अडकल्यात. कुणाला यातलं कळतं का?

*डी-५०४:* विंडोज टाकून मोकळे व्हा.

*बी-३०१:* थांबा काका, काही पुसू नका. शेवटच्या ओळीवरून काही कळत नाही. खरं कारण वरच्या ‘डिपेन्ड्स’ लिहिलेल्या ओळीत असतं, म्हणजे ड्रायव्हरला आणखी कुठलं पॅकेज लागतं ते. तिचा फोटो पाठवा. आणि टर्मिनलमध्ये ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ देऊन बघा, कुठलं पॅकेज मुद्दाम अडवून ठेवलंय का ते दिसेल.

*सचिव, ए-१०२:* शोहोल्डला काहीच आलं नाही. फोटो पाठवलाय: लिबसी६ २.३८ किंवा पुढची हवी, पण २.३५ आहे.

*बी-३०१:* मग सापडलं. लिबसी६ म्हणजे बाकीच्या प्रोग्रामना लागणारी मूळ लायब्ररी. जॅमी म्हणजे २२.०४ मध्ये लिबसी६ २.३५ असते, नोबल म्हणजे २४.०४ मध्ये २.३९. हा ड्रायव्हर नोबलसाठी बांधलेला आहे.

*सी-२०४:* ताई, मग नोबलची लिबसी६ उतरवून डीपीकेजीने, म्हणजे पॅकेज थेट बसवणाऱ्या कमांडने, फोर्स केली तर? एका ठिकाणी तसंच सांगितलंय.

*बी-३०१:* अजिबात नको रे. मशीनवरचा जवळपास प्रत्येक प्रोग्राम तिच्यावर उभा असतो, पॅकेजेस बसवणारं ॲप्टसुद्धा. ती अर्धवट बदलली तर दुरुस्तीची हत्यारंच चालेनाशी होतात, आणि मागच्या आवृत्तीवर परत येणं फार कठीण. तू खाली ऑफिसात आहेस ना? ‘एटीसी’मधल्या ‘ॲप्ट’ फोल्डरात ‘सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी’ उघड. कुठल्या फाइलमध्ये नोबल लिहिलंय?

*सी-२०४:* आहे, ड्रायव्हरच्या पीपीएची, म्हणजे पॅकेजेस जिथून येतात त्या बाहेरच्या रिपॉझिटरीची.

*बी-३०१:* ती ओळ बंद कर, मग ‘ॲप्ट अपडेट’. नंतर ‘ॲप्ट लिस्ट’ला ‘इन्स्टॉल्ड’ लावून बघ. ज्यांच्यापुढे ‘लोकल’ येतं ती आता कुठल्याच चालू रिपॉझिटरीत नाहीत.

*सी-२०४:* ड्रायव्हरचं डेटा पॅकेज दिसतंय.

*बी-३०१:* त्याला लिबसी६ लागत नाही, म्हणून ते आधीच बसलं. ते काढ. त्याच पीपीएत जॅमीसाठीचा ड्रायव्हर आहे, मी आत्ताच पाहिलं. फाइलमध्ये नोबलच्या जागी जॅमी लिही, ओळ चालू कर, परत अपडेट. इन्स्टॉल आधी ‘डॅश एस’ लावून. त्यात खरं काही बसत नाही, नुसतं काय होईल ते दिसतं. ‘विल बी रिमूव्ड’खालची यादी शब्दन् शब्द वाच. २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या टेक यूट्यूबरने व्हिडिओत पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेमचं ॲप बसवताना ‘येस, डू ॲज आय से’ टाइप केलं आणि त्याचा अख्खा डेस्कटॉप निघून गेला. ॲप्टने आधी यादी दाखवली होती.

*सी-२०४:* रिमूव्ड काहीच नाही. नवीन तीन.

*बी-३०१:* मग डॅश एस काढून चालव.

*सचिव, ए-१०२:* टेस्ट पेज आलं! आभारी आहे ताई.

*डी-५०४:* पण २२.०४ जुनं झालं ना? तेच बदला.

*बी-३०१:* बदलायचं आहेच, नेहमीचा सपोर्ट २०२७ पर्यंतच आहे. पण तेव्हा पूर्ण सिस्टिम २४.०४ वर नेऊ, पीपीए आधी बंद करून. ऑडिट होऊ दे. सभासदांच्या खात्यांचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेतल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही.

*सचिव, ए-१०२:* पेन ड्राइव्ह आजच आणतो.